गॅलरीने पन्नास टक्के मागितले, द्यावेत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यात फाइन आर्ट्समधून पेंटिंगचे मास्टर्स केले आहे. सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवता, दुपारनंतर फतेहगंजातल्या भाड्याच्या स्टुडिओत काम करता. ३६ बाय ३६ इंचांचे चित्र स्टुडिओतून थेट ४५ हजारांना जाते, वर्षाला आठ-दहा विकली जातात. आता मुंबईच्या एका गॅलरीने बारा चित्रे मागितली आहेत. विक्रीवर ५० टक्के कमिशन आणि दोन वर्षे फक्त त्यांच्याकडूनच विक्री, अशा अटी आहेत. ‘५० टक्के जास्त नाहीत का, आणि हे जमले तर शाळा सोडू का?’ असे तुम्ही विचारता.

कमिशनचा आकडा वेगळा काढून पाहिला तर तो वावगा नाही. आपल्याकडे गॅलऱ्या साधारण ३० ते ५० टक्के घेतात, आणि मुंबई-दिल्लीत निम्मे घेणे सर्रास आहे. तुमची अडचण दुसरीकडे आहे. तुमची ४५ हजारांची किंमत ठरली तेव्हा मध्ये कोणी विकणारा असेल हे त्यात धरलेलेच नव्हते. ओळखीच्या माणसाला परवडेल असा तो आकडा आहे. त्यातून निम्मे गेले की हातात साडेबावीस हजार राहतात, आणि मग गॅलरी लुबाडते आहे असे वाटू लागते. आधी किंमत नीट बसवू, मग कमिशनचे बोलू.

एक कागद घ्या आणि स्टुडिओचा महिन्याचा खर्च लिहा. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून उदाहरणापुरते धरतो: भाडे ९ हजार, वीज-फोन-इंटरनेट २ हजार, रंग-कॅनव्हास-स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट) ८ हजार, फोटो-फ्रेम-वाहतूक यांचा सरासरी वाटा ५ हजार, हिशोबनीस आणि किरकोळ १ हजार. झाले २५ हजार. घरात तुमच्याकडून ३० हजार जायला हवेत आणि शाळेचे १८ हजार येतात, तर उरलेले १२ हजारही चित्रांनीच द्यायचे. म्हणजे महिना ३७ हजार, वर्षाला ४ लाख ४४ हजार. वर्षात वीस चित्रे होतात पण दहाच विकली जातात, तर प्रत्येक विकलेल्या चित्रामागे तुमच्या *हातात* ४४,४०० रुपये यायला हवेत. भाग देताना केलेल्या चित्रांनी देऊ नका, विकलेल्या चित्रांनी द्या. बहुतेक चित्रकार वीसने भागतात आणि वर्षअखेरीस पैसा गेला कुठे म्हणून शोधत बसतात.

या हिशोबाने आज थेट विक्रीत तुमचा खर्च जेमतेम निघतो आहे. गॅलरीच्या वाट्याला त्यात जागाच नाही. निम्मे कमिशन देऊनही ४४,४०० हातात यायचे तर चित्राची किंमत ८८,८०० हवी. पण एका रात्रीत ४५ चे ८९ हजार करता येत नाहीत. तुमच्याकडून गेल्या वर्षी घेणारा माणूस बडोद्यातच आहे आणि त्याला हे कळणारच. किंमत चढवणे सोपे असते, उतरवणे मात्र जवळजवळ अशक्य, कारण उतरलेल्या किमतीने आधीच्या प्रत्येक खरेदीदाराचे नुकसान होते. म्हणून मी आता ६० हजारांवर थांबायला सांगेन. पुढे विक्रीचा वेग टिकला तर दरवर्षी दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवा. उरलेली फट लहान कामे, प्रिंट आणि ऑर्डरची कामे यांनी भरायची.

आकारानुसार किंमत लावताना चौरस इंचाचा दर धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो सरसकट एकच ठेवला की गडबड होते. तुमचा आजचा दर काढला तर ४५,००० भागिले १,२९६, म्हणजे सुमारे ३५ रुपये. त्याच दराने १२ बाय १२ चे चित्र ५,०४० रुपयांना पडते. त्यातले दीड-दोन हजार फ्रेम, फोटो आणि पॅकिंगमध्येच जातात. उलट ४८ बाय ६० चे चित्र एक लाखावर जाते. काही जण लांबी आणि रुंदी यांची बेरीज करून त्यावर दर लावतात. तसे केले तर लहान चित्र १५ हजारांचे होते आणि मोठे अवघ्या साडेसदुसष्ट हजारांचे, म्हणजे दुसरे टोक. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. आकाराचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा दर लावाल तर गटाच्या सीमेवर मोठे चित्र लहानापेक्षा स्वस्त निघण्याचा धोका असतो. त्यापेक्षा तुम्ही नेहमी वापरता त्या चार-पाच मापांच्या थेट किमती ठरवा. १२ बाय १२ ला ८ हजार, २४ बाय २४ ला ३० हजार, ३६ बाय ३६ ला ६० हजार, ४८ बाय ६० ला १ लाख १५ हजार, असे काहीतरी. मधले माप आले तर शेजारच्या दोन किमतींच्या मध्ये बसवा. ‘हे चित्र माझे फार आवडते आहे’ म्हणून जास्त किंमत लावू नका. ते चित्र द्यायचे नसेल तर विक्रीलाच ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ही यादी स्टुडिओत, गॅलरीत, मोबाइलवर आणि मामेभावाच्या वास्तुशांतीलाही एकच राहिली पाहिजे. गॅलरीत ६० आणि स्टुडिओत ४० असे झाले की गॅलरीचा गिऱ्हाईक फक्त मोबाइल उघडून थेट तुमच्याकडे येतो. गॅलरी पुन्हा तुमचे नाव घेत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. जागेचे भाडे तिने भरलेले असते, माणसे तिने बोलावलेली असतात. थेट विक्रीत कमिशन वाचते ते तुमच्या विक्रीच्या श्रमाचे पैसे आहेत, गिऱ्हाइकाला द्यायची सूट नव्हे. नात्यातल्या माणसाला काही द्यायचेच असेल तर फ्रेम आपल्या खर्चाने करून द्या किंवा लहान ड्रॉइंग भेट द्या. बिलावर किंमत यादीतलीच असू द्या.

मग कमिशन किती द्यावे? ते गॅलरी त्या पैशांत काय करते यावर ठरते, आणि हे तुम्हीच विचारायला हवे. फ्रेमिंग कोण करणार? जाण्या-येण्याची वाहतूक कोणाची? विमा आहे का, आणि तो वाटेतही लागू आहे का फक्त भिंतीवर असताना? कॅटलॉग छापणार का? बारा चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन आहे की गोदामात ठेवून कोणी विचारले तर दाखवणार? याची उत्तरे ‘सगळे आम्ही’ अशी असतील तर निम्मे देणे रास्त आहे. फ्रेम तुमची, टेम्पो तुमचा, कॅटलॉगचेही पैसे तुमचेच असतील तर ३० ते ३५ च्या वर जाऊ नका. आणि कमिशनशिवाय भिंतीचे भाडे किंवा ‘सहभाग शुल्क’ही मागितले तर तिथे विक्री करण्याची गरज गॅलरीला उरलेलीच नाही, तिचे पैसे तुमच्याकडून आधीच निघाले. भाड्याने हॉल घेणे ही वेगळी गोष्ट. जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी हॉल आठवड्याच्या हिशोबाने मिळतो आणि त्यासाठी लांब रांग असते. तिथे तुम्हीच गॅलरी असता, गिऱ्हाईक आणायची जबाबदारीही तुमचीच.

तुमच्या बाबतीत मी असे सुचवेन: पहिल्या प्रदर्शनाला ४० टक्के, फ्रेम तुमची, दोन्ही बाजूंची वाहतूक आणि विमा गॅलरीचा. ६० हजारांच्या चित्रावर हातात ३६ हजार येतात. वर काढलेल्या ४४,४०० पेक्षा हे कमी आहेत, हे मान्य. पण ही विक्री तुमच्या ओळखीबाहेरच्या माणसांना होणार आहे, आणि पुढच्या वर्षीच्या किमतीला आधार तिथूनच मिळतो. बारापैकी सगळी चित्रे मोठी देऊ नका. चार मोठी, पाच मधली, तीन लहान अशी द्या. पहिल्यांदाच नाव ऐकणारा माणूस बऱ्याचदा लहान चित्रापासून सुरुवात करतो.

करार लेखी हवा. दोन पानांचा साधा मराठी, गुजराती किंवा इंग्रजी कागद चालतो, पण सह्या दोघांच्याही हव्यात. त्यात प्रत्येक चित्राचे नाव, माप, माध्यम, वर्ष, किंमत आणि सोबत छोटा फोटो असू द्या. चित्रे त्यांच्याकडे किती दिवस राहणार ते लिहा. सहा महिने पुरेत, दोन वर्षे फार होतात. गिऱ्हाइकाचे पैसे आल्यापासून ३० दिवसांत तुमचे पैसे मिळतील, असे लिहा. विकले जाईपर्यंत मालकी तुमची, हेही शब्दांत हवे. गॅलरी बंद पडली किंवा कर्जात गेली तर तुमची चित्रे तिची मालमत्ता नव्हती हे दाखवायला हाच कागद लागतो.

किमतीत सूट देण्याचे कलम लोक वाचतच नाहीत, म्हणून जरा थांबतो. गॅलरी नेहमीच्या गिऱ्हाइकाला १० टक्के सोडते, तो व्यवहाराचा भाग आहे. प्रश्न असतो तो सोडलेले पैसे कोणाच्या वाट्यातून जातात याचा. ६० हजारांचे चित्र ५४ ला गेले आणि गॅलरीने आपले २४ हजार मूळ किमतीवर धरले तर तुमच्या हातात ३० हजार येतात, म्हणजे सगळी सूट तुम्ही दिली. कमिशन प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेवर धरले तर ५४ हजारांचे ६० टक्के, म्हणजे ३२,४०० मिळतात. ‘कमिशन प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, आणि १० टक्क्यांपुढची सूट चित्रकाराच्या लेखी संमतीनेच’ एवढे एक वाक्य घाला.

‘फक्त आमच्याकडूनच’ ही अट पूर्ण नाकारू नका, तिला कुंपण घाला. मुंबई शहरापुरती, कॅनव्हासवरच्या कामापुरती, एका वर्षासाठी, इतकी मान्य करायला हरकत नाही. बडोद्यातली स्टुडिओ विक्री, प्रिंट, ऑर्डरची कामे आणि तुमचे आधीचे खरेदीदार यांची नावे घेऊन ती वगळा. आधीच्या खरेदीदारांची यादी करारालाच जोडलेली बरी. गॅलरी अडून बसली तर तिच्या शहरातून आलेल्या थेट गिऱ्हाइकावर १५ टक्के देण्याची तयारी दाखवा. वर्षात ठरावीक रकमेची विक्री झाली नाही तर अट आपोआप संपेल, हेही लिहून घ्या. दोन वर्षे बांधून घ्यायचे आणि एकही चित्र विकायचे नाही, असे घडू शकते.

कॉपीराइटबद्दल दोनच गोष्टी. कॅनव्हास विकला म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यामुळे गॅलरीच्या करारात ‘सर्व हक्क’ असे शब्द आले तर ते काढून ‘प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी चित्राचे फोटो वापरण्याची परवानगी’ असे करा. मात्र कोणी पैसे देऊन चित्र किंवा पोर्ट्रेट करवून घेतले तर, दुसरा काही करार नसल्यास, १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्याचा पहिला कॉपीराइट करवून घेणाऱ्याकडे जातो. ऑर्डरची कामे घेता म्हणून हे लक्षात ठेवा, आणि ५० टक्के अॅडव्हान्स घेताना दिलेल्या कोटेशनमध्येच ‘कॉपीराइट चित्रकाराकडे’ ही ओळ घाला. रंगकाम सुरू होण्याआधी एक स्केच मंजूर करून घ्या आणि फुकट बदल दोनच, असेही त्यात असू द्या.

जीएसटीकडे तुम्ही अजून पाहिलेले नाही असे प्रश्नावरून वाटते. ‘माझी उलाढाल कुठे ४० लाख आहे’ असे बहुतेक जण म्हणतात. राज्यातल्या राज्यात माल विकताना नोंदणीची ती मर्यादा खरी आहे. पण तुमची चित्रे गुजरातहून महाराष्ट्रात जाणार, आणि राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या यादीतल्या मालाला यात सवलत आहे, पण समकालीन कॅनव्हास त्यात बसेल असे गृहीत धरू नका. चित्रांवरचा दर सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून ६० हजारांवर ३ हजार. किमतीत कर धरला आहे की वेगळा, हे करारात स्पष्ट करा, नाहीतर ते ३ हजार तुमच्या वाट्यातून जातील.

प्रदर्शनासाठी चित्रे पाठवणे ही विक्री नव्हे, हे डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. कर तेव्हाच लागतो जेव्हा गिऱ्हाईक चित्र घेतो. म्हणून पाठवताना टॅक्स इन्व्हॉइस करायचे नाही, डिलिव्हरी चलन करायचे, आणि मालाची किंमत ५० हजारांवर असल्याने ई-वे बिलही (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढायचे. इथेही करारातले सहा महिने उपयोगी पडतात, कारण पसंतीसाठी पाठवलेल्या मालाला सहा महिन्यांची मुदत असते. त्यानंतर विक्री झाली नसली तरी बिल करावे लागते. न विकलेली चित्रे त्याआधी परत मागवा. गॅलरीने पैसे देताना टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर दिसतो आहे ना, हे दर तिमाहीला पाहा. तुमच्या एकूण उत्पन्नाचे नेमके काय करायचे ते मात्र सीएशी बसूनच ठरवा. शाळेचा पगार, शिकवण्या आणि विक्री एकत्र आल्यावर प्रत्येकाचे गणित वेगळे होते.

पॅकिंगवर थोडे लिहितो, कारण इथे चित्रे खरोखर खराब होतात. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बंद टेम्पोच्या आत त्याहून जास्त. अॅक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ होतो. बबल रॅप थेट चित्राला लागला तर गोल ठसे उठतात आणि ते जात नाहीत. चित्राच्या पृष्ठभागावर आधी ग्लासिन पेपर (गुळगुळीत पातळ कागद), नाहीतर सिलिकॉनचा बेकिंग पेपर ठेवा, मग कडांवर फोमच्या पट्ट्या, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. त्यावर कोरुगेटेड शीट, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा. तीन फुटांच्या वरच्या चित्रांना प्लायचा क्रेट करा. ऑइल वरून कोरडे लागले तरी आतून ओले असू शकते. जाड थराचे चित्र काही महिने जाऊ दिल्याशिवाय बांधू नका. गुंडाळून पाठवायचे असेल तर आठ इंची व्यासाच्या पाइपवर, रंगाची बाजू *बाहेर* ठेवून. आत ठेवली तर थर दाबला जाऊन सुरकुततो. जाड रंगाचे चित्र मुळीच गुंडाळू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पोहोचल्या दिवशीच उघडायला सांगा, नाहीतर प्लास्टिकच्या आत बुरशी धरते. बांधण्यापूर्वी समोर, मागे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो तारखेसह काढून गॅलरीला पाठवा. नुकसानभरपाईचा वाद झाला तर तेव्हा हेच फोटो लागतात.

नोंदवही अजून केली नसेल तर आता करा. प्रत्येक चित्राला एक क्रमांक, तोच कॅनव्हासच्या मागे, फोटोच्या फाइलला आणि वहीत. चित्र आज कुठे आहे, कधी गेले, कोणी घेतले, कितीला, पैसे आले का, एवढे रकाने पुरेत. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. ही वही दहा वर्षांनी कोणी तुमच्या पूर्वलक्षी, म्हणजे आजवरच्या कामाच्या, प्रदर्शनासाठी चित्रे गोळा करू लागला किंवा कोणी बनावट चित्र घेऊन आला, तेव्हा लागते, आणि ती मागाहून तयार करता येत नाही.

राहिला शाळेचा प्रश्न. सोडू नका, निदान आत्ता तरी. वरच्या हिशोबात शाळेचे १८ हजार काढून पाहा: महिन्याच्या ३७ ऐवजी ५५ हजार चित्रांनी द्यायचे, म्हणजे दहा विक्रीत प्रत्येकी ६६ हजार हातात. आजच्या किमतीत ते होत नाही, आणि पैशाच्या घाईत चित्रकार पहिली सूट देतो, मग दुसरी, आणि यादी मोडते. आपल्याच गावातले उदाहरण आहे: भूपेन खक्कर सनदी लेखापाल होते आणि बडोद्यात चित्रे काढत असताना अर्धवेळ हिशोबाची नोकरी करत. अर्ध्या दिवसाच्या पगारामुळे त्यांना बाजाराला आवडेल ते काढावे लागले नाही. सलग दोन वर्षे चित्रांतून वर्षाचा संपूर्ण खर्च निघाला आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पडला, की मग हा विषय पुन्हा काढा. मधल्या काळात केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ज्युनियर फेलोशिपसाठी अर्ज करा. २५ ते ४० वयाच्या कलाकारांना दोन वर्षे महिना १० हजार मिळतात. अर्जात कामाचा स्पष्ट प्रकल्प लागतो, नुसता पोर्टफोलिओ चालत नाही.

गॅलरीला उत्तर लांबवू नका, आठवड्याच्या आत द्या. साधारण असे लिहा: ‘बारा चित्रे देण्यास तयार आहे. नवी किंमत यादी सोबत जोडली आहे, ती सर्वत्र सारखीच लागू आहे. पहिल्या प्रदर्शनासाठी ४० टक्के कमिशन, फ्रेम माझी, वाहतूक आणि विमा आपला, कालावधी सहा महिने. एकमेव विक्रीचा हक्क मुंबईपुरता एक वर्ष. हे मान्य असल्यास कराराचा मसुदा पाठवते.’ ते ४५ वर आले आणि कॅटलॉग छापून द्यायला तयार झाले तर घ्या. ते ५० वर अडले पण फ्रेमसकट सगळा खर्च त्यांचा म्हणाले, तरीही घ्या. लिहून द्यायलाच तयार नसतील, तर बारापैकी एकही चित्र पाठवू नका.